पंचेचाळीस किलोवॅट

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही, आणि ज्यांना सगळ्यात आधी सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि कारण परवा पुन्हा कोणीतरी माझं कौतुक केलं. "कोरोनात सासूसाठी किती केलंस गं!" हे ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. केलं ना. काय केलं ते ऐका.

रागाने लिहितेय, हेही सांगून ठेवते. राग कोणावर? पूर्वी एक मोठी यादी होती. नवरा होता त्यात, एक डच कोळसेवाला होता, माझ्या राहण्याच्या परमिटवर ‘पार्टनर’ एवढा एकच शब्द छापणारं इथलं सरकार होतं. एकेक नाव गळत गेलं. आता यादीत एकच उरलंय, आणि ते नाव काही गळत नाही.

आम्ही तेव्हा नेदरलँड्समध्ये हार्लेमला राहायचो, दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये. मी, नवरा निखिल आणि आठ वर्षांची ईरा. त्या वर्षी फेब्रुवारीत सासूबाई नाशिकहून तीन महिन्यांसाठी आल्या आणि मार्चमध्ये विमानं बंद झाली. मी त्यांना आईच म्हणते. चार माणसं, दोन खोल्या. निखिलच्या मीटिंगा स्वयंपाकघरात, ईराची शाळा पलंगावर, आणि आई दिवसभर बाल्कनीच्या दारात खुर्ची टाकून बसलेल्या. उन्हाळ्यात निखिलने ठरवलं की मोठं घर घ्यायचं. त्याची कंपनी आर्नहेमला. तिथून पुढे एका खेड्याच्या टोकाला त्याला एक जुनं शेतघर सापडलं. नऊ खोल्या, उंच छतं, एकेरी काचांच्या खिडक्या. इतक्या मोठ्या घराची किंमत आमच्या आवाक्यात का, हे आम्ही विचारलं नाही. ऑक्टोबरमध्ये कळलं. त्या घराला गॅसची लाइनच नव्हती. तळघरात कोळशाचा एक म्हातारा बॉयलर होता, आणि तो पहिल्याच थंडीत तडकला.

विजेवर चालणारा हीट पंप लावायचा तर आधी भिंती, खिडक्या, विजेची जोडणी, सगळंच बदलायला हवं होतं आणि रांग कित्येक महिन्यांची होती. मग ठरलं — दोन हिवाळे कोळशावर काढायचे. निखिल वीज कंपनीत पवनचक्क्यांचं सॉफ्टवेअर बघतो. ऑफिसात सगळे पर्यावरणवाले, आणि ह्याच्या घरी कोळसा! "बाहेर कुठे बोलू नकोस हं," तो मला दहा वेळा म्हणाला. मी हसले होते. न बोलण्याचा सराव मला भरपूर होता.

हे आता जरा ऐकून घ्या, कारण सगळं इथून सुरू होतं. लग्नाआधी मी पुण्याला बॉयलर बनवणाऱ्या कंपनीत होते. पाच वर्षं. हेल्मेट घालून शॉप फ्लोअरवर उभी राहायचे, कारखान्यांच्या मोठ्या बॉयलरचे हिशेब करायचे, आणि वयाने मोठी माणसं मला ‘मॅडम, एकदा बघून घ्या’ म्हणायची. इथे आल्यावर सात वर्षांत मला कोणी काही बघायला सांगितलं नाही. अर्ज केले, डच येत नाही म्हणून नकार आले; डच शिकले, तर मधे मोठी गॅप आहे म्हणून आले. पार्टीत निखिल ओळख करून द्यायचा, "हीसुद्धा इंजिनिअर आहे." त्यातलं ते ‘सुद्धा’ मला टोचायचं.

म्हणून तो जेव्हा म्हणाला, "नवा बॉयलर किती क्षमतेचा घ्यायचा, ते तू काढ," तेव्हा मला काय झालं असेल? दोन दिवस मी टेप घेऊन त्या घरात फिरले. प्रत्येक भिंत मोजली, खिडकी मोजली, छताची उंची, दारांच्या फटी. बाहेर किती थंडी पडेल, आत किती ऊब हवी. वहीची सहा पानं भरली. उत्तर आलं चोवीस. चोवीस किलोवॅट. मी ते दोनदा तपासलं आणि खाली रेघ मारली. अनेक वर्षांनी रेघ मारली होती.

तिसऱ्या दिवशी कोळसेवाला आला. सत्तरीचा असेल. बॉयलर विकायचा, बसवायचा, आणि हिवाळाभर त्याचा कोळसाही पुरवायचा. त्याने बूट दाराशी काढले, एक चक्कर मारली, छताकडे बघितलं, खिडकीची काच बोटाने वाजवली आणि निखिलला — मला नाही, निखिलला — म्हणाला, "चोवीस. फार तर पंचवीस."

झालं.

माझ्या दोन दिवसांचं उत्तर त्याने छताकडे बघून सांगितलं. आता मी वही उघडून काय म्हणणार होते? ‘हो, माझंही तेच आलंय’? मी बरोबर होते, आणि बरोबर असूनही ते कोणाला दिसणार नव्हतं. निखिल हसत म्हणाला, "हिलाही विचारा, ही बॉयलरमधलीच आहे." पुन्हा ती ‘ही’, आणि ‘सुद्धा’च्या जागी आता ‘हिलाही’तला तो ‘ही’. माझं डोकं फिरलं. मी वही मांडीवर पालथी घातली आणि म्हणाले, "पंचेचाळीस."

म्हातारा पहिल्यांदा माझ्याकडे वळला.

मग मी बोलत सुटले. पीक लोड, सेफ्टी मार्जिन, भिंतीतली ओल, उद्या वरच्या खोल्याही वापरात येतील — कारखान्यातले सगळे शब्द मी त्या स्वयंपाकघरात ओतले. तो शांतपणे म्हणाला, मोठा बॉयलर घरात झोपून राहतो, आणि झोपलेला विस्तव वाईट असतो. त्याने हे तीनदा सांगितलं. तो खरं बोलतोय हे मला माहीत होतं. तिसऱ्या वेळी निखिलने त्याला थांबवलं. इंग्रजीत म्हणाला, "शी इज द इंजिनिअर."

सात वर्षांत पहिल्यांदा. त्यात ‘सुद्धा’ नव्हतं. त्या एका वाक्यासाठी मी पंचेचाळीसचा बॉयलर घरात आणला. वहीची सहा पानं त्याच संध्याकाळी फाडून, विस्तव पेटवायला ठेवलेल्या रद्दीत टाकली.

बॉयलरचं थोडं सांगायला हवं. कोळशाचा बॉयलर बटण दाबून बंद होत नाही. विस्तव एकदा धरला की आठवडेच्या आठवडे तो राखायचा. ऊब कमी हवी तर हवेची झडप लोटून त्याला उपाशी ठेवायचं. घराच्या मापाचा बॉयलर असेल तर कोळसा नीट जळतो, धूर गरम राहतो आणि धुराड्यातून सरळ वर जातो. दुप्पट मापाचा आणलात तर तो सदाच उपाशी. अर्धवट जळणारा कोळसा कार्बन मोनॉक्साइड सोडतो. त्याला ना वास, ना रंग. आणि धूर गार झाला की वर चढत नाही, धुराड्यात रेंगाळतो, भेग मिळाली की आत शिरतो. हे मला शिकवलं होतं. मी स्वतः इतरांना शिकवलं होतं.

पहिले पंधरा दिवस घर भट्टीसारखं तापलं. "वा, काय ऊब!" असं सगळे म्हणाले. मग निखिल शर्टात घामेजून मीटिंगा करायला लागला आणि म्हणाला, जरा कमी कर ना. मी झडप लोटली. आणखी लोटली. विस्तवाचं सगळं माझ्याकडेच होतं — मीच इंजिनिअर ना! डिसेंबरात धुकं पडलं, वारा पडला, थंडीही फारशी नव्हती, आणि तो पंचेचाळीसचा धोंडा तळघरात नुसता धुमसत बसला.

आईंना आम्ही वरची खोली दिली होती, जिच्या भिंतीतून धुराडं जातं. घरातली सगळ्यात उबदार खोली. "आईला थंडी बाधू नये," असं निखिल म्हणाला, आणि मीच तिथे त्यांचा पलंग भिंतीला लावून दिला. नाताळच्या सुमारास त्या भिंतीवर तपकिरी डाग उमटला. मी बघितला. ओल असेल, असं म्हणाले. कोणाला म्हणाले? आईंना. त्यांनी विचारलं होतं.

आई कोण होत्या, हे सांगायचं राहिलं. आई तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. नंबर त्यांच्या डोक्यात असायचे. आमच्या अख्ख्या गोतावळ्याचे, शेजाऱ्यांचे, किराणावाल्याचे, निवृत्त डॉक्टरांचे, आणि मेलेल्या माणसांचेसुद्धा. मोबाइलमध्ये नंबर साठवायला त्यांना कमीपणा वाटायचा. रोज दुपारी नाशिकच्या त्यांच्या बहिणीला फोन करायच्या तो आकडे एकेक दाबून. ईरा परीक्षा घ्यायची — "आजी, टेल मी पप्पाज ओल्ड नंबर" — आणि आजी खिदळत सांगायच्या, निखिल कॉलेजात असतानाचा, होस्टेलचा.

जानेवारीत एका सोमवारी त्यांचं डोकं दुखायला लागलं. मळमळ, अंगात त्राण नाही. त्या वर्षी असं काही झालं की माणसाच्या मनात एकच नाव यायचं. निखिलचा चेहरा पांढरा पडला. आईंना त्याच खोलीत वेगळं ठेवायचं ठरलं. खिडकी उघडली तर त्यांना थंडी वाजायची, म्हणून खिडकी बंद. दाराखालच्या फटीतून काही बाहेर येऊ नये म्हणून टॉवेलची घडी कोंबली. ती कोणी कोंबली? मीच. पायाने दाबून दाबून, नीट. दाराबाहेर स्टुलावर काढा, हळदीचं दूध, मऊ भात. नाशिकहून ग्रुपवर पंचवीस जणांचे पंचवीस उपाय. मी सगळे करत होते. वाफारासुद्धा. त्या बंद खोलीत.

मंगळवारी निखिल त्यांना गाडीतून टेस्टला घेऊन गेला. दोन तासांनी परत आले तेव्हा आई स्वतः पायऱ्या चढल्या. "बाहेरच्या हवेने बरं वाटलं गं," मास्कमागून म्हणाल्या. गाल लालसर झाले होते. तासाभरात खोलीत परत डोकं दुखायला लागलं.

तेव्हा मला कळलं.

‘शंका आली’ असं लिहायला मी आत्ता हात उचलला होता, पण नाही — कळलं. बाहेर गेलं की बरं, खोलीत आलं की परत तेच. भिंतीवरचा डाग. खाली उपाशी विस्तव. मला दुसरा पुरावा लागणार होता का? निखिलने त्यांच्या बोटाला ऑक्सिजनचं यंत्र लावलं, अठ्ठ्याण्णव आलं, तो देवाला हात जोडून उभा राहिला. ते यंत्र या विषाला फसतं, ते नेहमी चांगलाच आकडा दाखवतं, हे मला पुण्याच्या सेफ्टी ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं. मी त्याच्या शेजारी उभी होते. मीही म्हणाले, "बरं झालं बाई."

बुधवारी टेस्ट निगेटिव्ह आली. निखिल म्हणाला, अशा टेस्ट चुकतात, अजून आठवडाभर वेगळंच ठेवू. मी मान डोलावली.

त्याच दुपारी हाउसआर्ट्सचा फोन आला. आमची इथली फॅमिली डॉक्टर, बाई, चांगली, धिम्या आवाजाची. निखिल मीटिंगमध्ये होता म्हणून फोन मी घेतला. तिने लक्षणं विचारली. ताप? नाही. खोकला? नाही. वास येतो? येतो. मग तिने विचारलं, घरात कोळशाची किंवा लाकडाची शेगडी, बॉयलर, असं काही आहे का?

मी म्हणाले, "नाही."

हा तो शब्द. इतकी पानं मी ह्याच्याभोवती घिरट्या घालत होते. निखिलने बाहेर बोलू नको म्हणून सांगितलं होतं, हे कारण मी स्वतःला पुढची दोन वर्षं दिलं. खोटं आहे. तेव्हा निखिलचं ऑफिस माझ्या मनातसुद्धा नव्हतं. ‘हो’ म्हटलं असतं तर तिने अॅम्ब्युलन्स पाठवली असती, माणसं आली असती, बॉयलर बघितला असता, कोणीतरी विचारलं असतं की ह्या घराला एवढा मोठा कोणी सुचवला. आणि निखिलने माझ्याकडे बघितलं असतं. मला ते नको होतं. वर आई पलंगावर पडलेल्या होत्या, भिंतीला डोकं लावून, आणि मला ते नको होतं.

फोन ठेवून मी स्वयंपाकघराचा ड्रॉवर उघडला. म्हाताऱ्याने कार्बन मोनॉक्साइडचे दोन अलार्म दिले होते. एक तळघरात होता, तिथे बाहेरच्या हवेसाठीची जाळी कायम उघडी, तो वाजायचा प्रश्नच नव्हता. दुसरा वरच्या मजल्यासाठी, अजून खोक्यात. मी तो वर घेऊन गेले. आईंच्या दारासमोर उभी राहिले. लावला असता तर वाजला असता, आणि अख्ख्या घराने ऐकला असता. मी तो परत ड्रॉवरमध्ये ठेवला. चमचे सरळ करून, त्यांच्या मागे.

गुरुवारी दुपारी दाराबाहेर दूध ठेवायला गेले तर आत फोनच्या बटणांचा आवाज येत होता. दोन आकडे, थांबणं. पुन्हा दोन आकडे, थांबणं. मग आईंचा आवाज आला. "अगं, कुसुमचा नंबर काय?" कुसुम म्हणजे त्यांची बहीण. रोजचा नंबर.

मी टॉवेल लाथेने उडवला, दार उघडलं, दोन्ही खिडक्या उघडल्या. त्यांना धरून ईराच्या खोलीत नेलं. मग तळघरात जाऊन विस्तव ओढून काढला, बादल्यांत भरला आणि बाहेर चिखलात ओतला. वर येऊन निखिलला सांगितलं, बॉयलरची जाळी अडकली, काही दिवस इलेक्ट्रिक हीटरवर काढू. आणि आईंना ताज्या हवेत ठेवते, मला कोरोना झाला तर झाला. तो मला मिठी मारून रडला.

दोन दिवसांत आई उठून बसल्या. "हिने स्वतःचा जीव धोक्यात घातला," निखिलने नाशिकच्या ग्रुपवर लिहिलं. वीस जणांनी हात जोडले. मी त्यांना हार्ट पाठवले.

मला वाटलं, सुटलो. पण हे विष मेंदूला उशिरानेही गाठतं. तीन आठवड्यांनी त्या ईराचं नाव विसरल्या. मग हीटर कुठे बंद करायचा ते. मग एकेक करून सगळे नंबर. हॉस्पिटलात नेलं, तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी विचारलं, मधे काही आजारपण? निखिल म्हणाला, कोरोना. टेस्ट निगेटिव्ह होती पण तो कोरोनाच होता. डॉक्टरांनी लिहून घेतलं. मी बाजूच्या खुर्चीवर होते. तेव्हा तरी सांगायचं होतं ना? तेव्हाही उपचारांना कदाचित काही दिशा मिळाली असती. मी पर्सची चेन उघडत होते आणि लावत होते.

मार्चमध्ये कोळसेवाला आला, माझ्याच बोलावण्यावरून, मोठा बॉयलर काढून लहान बसवायला; निखिलला मी म्हणाले होते, मोठा फार कोळसा खातो. एकदाही ‘मी सांगितलं होतं’ म्हणाला नाही. धुराडं तपासायला वर गेला, त्या डागावर बोट ठेवलं आणि विचारलं, इथे कोण झोपतं? ह्या वेळी निखिलला नाही — तो खाली मीटिंगमध्ये होता — मलाच विचारलं. कोणी नाही, मी म्हणाले, रिकामी खोली. त्याने बोट पँटला पुसलं. "मग देवाची कृपा," म्हणाला.

वयाचा दोष, असं तुम्ही म्हणाल कदाचित. अडुसष्ट वय होतं, काहीही होऊ शकतं. नका म्हणू. मी स्वतःला म्हणून पाहिलंय. सात वर्षं घरी बसवलेल्या बाईचा राग, असंही म्हणून पाहिलंय. राग खरा होता. पण राग चोवीसचे पंचेचाळीस करण्यापुरता होता. डॉक्टरला ‘नाही’ म्हणाले तेव्हा मी रागावलेली नव्हते. तेव्हा मी थंड होते.

आई आता नाशिकला असतात, कुसुममावशींकडे. इथे दोन हिवाळे कधीच उलटले, कोळसा अजून आहेच; बॉयलर मात्र चोवीसचा आहे. घर छान तापतं. मावशींकडच्या फोनजवळच्या भिंतीवर मी माझ्या हाताने मोठ्या अक्षरांत नंबर लिहून चिकटवलाय, गेल्या भेटीत. फक्त आमचा. त्यावर बोट ठेवून त्या दर रविवारी फोन लावतात. ईराची चौकशी करतात, कधी नावाने, कधी ‘ती मुलगी’ म्हणून. आणि मग दर वेळी, जणू पहिल्यांदाच सुचल्यासारखं, हळू आवाजात विचारतात, "माझं डोकं असं कशाने गं झालं? तुला माहीत असेल, तू होतीस ना तिथे."

मी म्हणते, "कोरोनाने, आई."

"हो का," त्या म्हणतात. पुढच्या रविवारपर्यंत त्या हे विसरतात, आणि पुढच्या रविवारी मी पुन्हा तेच सांगते.